ब्याण्णव टक्के

४ फेब्रुवारी, मंगळवार

कक्षात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर आज सही घेतली. लिहायचं नाही असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, दोनदा वाचून पाहिलं. म्हणून ही वही.

बावीस वर्षं फोटो स्टुडिओत काढली. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, बाळांचे फोटो. लोक आपले आपणच फोटो काढायला लागले आणि मालकांनी शटर ओढलं. आता सेहेचाळिसाव्या वर्षी शहराच्या कॅमेरा कक्षात नवी नोकरी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'चेहरे पाहण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य'. मी म्हटलं, आपल्यासाठीच छापलीय.

खोलीला खिडकी नाही. बारा टेबलं आणि कुडकुडायला लावणारी थंडी. पडद्यावर डावीकडे स्थानकावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेला चेहरा येतो, उजवीकडे यादीतला फोटो: फरारी, जामिनावर सुटून न आलेले, हरवलेले. खाली एक आकडा. ऐंशीच्या वर आकडा गेला की जोडी आमच्यापुढे येते. आम्ही 'होय' किंवा 'नाही' दाबायचं. एका 'होय'नं काही होत नाही, शेजारच्या टेबलाचाही 'होय' लागतो. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात.

शिकवायला यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. सारखी नखं कुरतडतो. म्हणाला, "एक लक्षात ठेवा. यंत्र 'हाच' असं कधीच म्हणत नाही. 'किती सारखा' एवढंच सांगतं. 'हाच' आपण म्हणायचं."

मास्तरांनी विचारलं, "चुकतं किती?"

"लाखात एखाद्या वेळी."

"आणि दिवसाला चेहरे किती बघतं?"

"अकरा-बारा लाख."

मास्तरांनी शाळेत करतात तसा हवेतच गुणाकार केला. "म्हणजे रोज दहा-बारा भलतेच."

"म्हणून तर तुम्हाला पगार आहे," इंजिनिअर म्हणाला.

११ फेब्रुवारी

जमतंय. मॅडमनी (कक्षाच्या प्रमुख) आज सगळ्यांसमोर सांगितलं की माझे 'नाही' सर्वांत जास्त बरोबर निघतात. मी आधी कान बघते. माणूस दाढी वाढवतो, केस रंगवतो, चष्मा घालतो, पण कानाकडे कुणी लक्ष देत नाही. स्टुडिओत हजारो कान सरळ करून घेतलेत.

आज गंमत झाली. एका फरारी माणसाचा चेहरा सकाळपासून चाळीस वेळा आला, त्याच स्थानकावर, त्याच जागी, तसाच हसत. धावपळ उडाली. पथक गेलं तर तिथे दंतमंजनाची जाहिरात. भिंतीवरचा माणूस दात दाखवत उभा! मास्तर म्हणाले, "दिवसभर एका जागी उभा राहून हसतो, संशयास्पदच आहे."

यंत्राला भिंत आणि माणूस यांतला फरक कळला नाही, आणि तरी गर्दीतून अर्धी मान वळवलेला चोर काल त्यानंच काढून दिला. हुशार आहे की बावळट, ठरवता येत नाही.

१८ फेब्रुवारी

आज यंत्रानं एक म्हातारी शोधून दिली. चौदा महिने बेपत्ता होती. डोक्यावर परिणाम झालेला, स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. कुठल्याशा स्थानकाच्या जिन्याखाली बसायची. आकडा त्र्याऐंशी होता. माझा 'होय', मास्तरांचा 'होय'. मी मॅडमना दाखवलं, त्यांनी स्वतः फोन केला आणि तासाभरात पथक तिथे पोचलं. दुपारी तिचा मुलगा आला. बाहेरच्यांना कक्षात यायची परवानगी नाही, म्हणून दारातच उभा राहिला आणि हात जोडून ढसाढसा रडला. धिप्पाड माणूस.

घरी आल्यावर ह्यांचं कपाट उघडून बसले.

आमच्या घरी याविषयी बोलत नाहीत. लिहायलाही हात जड होतोय. हे नदीतला गाळ काढायच्या बोटीवर होते. आठ वर्षांपूर्वी ती बोट बुडाली. सात माणसं गेली. सहाजण दोन दिवसांत मिळाले, हे अकराव्या दिवशी, बरंच खाली. ओळख पटवायला दीर गेले. मी निघाले होते, तर दारातच मला अडवलं. "वहिनी, तुम्ही चेहरा बघू नका. होते तसेच लक्षात राहू देत." कमरेच्या पट्ट्यावरून ओळखले म्हणाले. सगळं बांधूनच आणलं होतं. मी कापडावर हात ठेवला, एवढंच.

म्हणजे मी बघितलेलं नाही. बावीस वर्षं चेहरे बघण्यात गेली आणि हा एक राहिला.

२० फेब्रुवारी

नोंद घातली. जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच टेबलावरून. फोटो मी स्वतः काढलेला, वाहन परवान्यासाठीचा. "हसू नका, सरकारी आहे," म्हटलं होतं, म्हणून ओठ आवळून बसलेत.

प्रकार: बेपत्ता. नातं: पत्नी. बेपत्ता झाल्याची तारीख घातली. खोटं काय आहे त्यात? त्या तारखेपासून घरी आलेले नाहीत.

'बेपत्ता'च्या जोड्या फक्त कक्षात दिसतात. कुणाला त्रास नाही, नुसतं बघायचं.

३ मार्च

ब्याण्णव.

सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटं, नदीपलीकडचं स्थानक, सरकता जिना. हातात हत्यारांची पिशवी, डोकं जरा पुढे काढलेलं. केस पिकलेत, गाल बसलेत. आठ वर्षांनी जसे दिसायला हवेत तसेच.

खुर्ची पडद्याजवळ ओढली.

'नाही' दाबलं किंवा काहीच दाबलं नाही, तर चित्र चोवीस तासांत पुसलं जातं. 'होय' दाबलं तर राहतं. मी 'होय' दाबलं. मास्तरांनी आपल्या पडद्याकडे न बघताच बोट टेकवलं आणि चहाचा कप उचलला. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाले, "पस्तीस वर्षं हजेरी घेतली बाई. 'हजर' ऐकू आलं की मी मान वर करत नसे."

४ मार्च

नाही. हे नव्हेत. चित्र मोठं करून पाहिलं. ह्यांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, ह्या माणसाची सुटी लोंबती.

पण कॅमेरा वरून बघतो. कोन बदलला की कानही बदलतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

१० मार्च

रोज येतो, कधी सकाळी, कधी दुपारी, वेगवेगळ्या स्थानकांवर. फिरतीचं काम असावं. सहा चित्रं जमली. आज आकडा चौऱ्याण्णव. वाढतोय! यंत्रालाही खात्री पटत चाललीय.

मॅडमनी आज परिपत्रक वाचून दाखवलं. पुढच्या सोमवारपासून 'बेपत्ता'च्या जोड्याही दोन 'होय' मिळाल्यावर थेट स्थानकांवरच्या पथकांना जाणार, त्या म्हातारीच्या प्रकरणानंतर वरून आलंय, वगैरे. आणखीही बरंच होतं. त्याच वेळी माझ्या पडद्यावर जोडी आली होती, त्यामुळे अर्धं कानावरून गेलं.

२२ मार्च, शनिवार

लेक विचारत होती, "आई, बाबांचा फोटो कुठे गेला भिंतीवरचा?"

"काच पुसायला काढलाय."

"आठवडाभर पुसतेयस?"

लावायचा म्हणून हातात घेतला होता दोनदा. पण भिंतीवर फोटो लावतात तो गेलेल्या माणसाचा.

ती अठरा वर्षांची आहे. तेव्हा दहाची होती. मग म्हणाली, "हल्ली गुणगुणतेस तू स्वयंपाक करताना. छान वाटतं." आणि अभ्यासाला गेली.

२६ मार्च

आज ते स्थानकावर दोन गणवेशवाल्यांशी बोलत उभे होते. बराच वेळ. पिशवी उघडून आतली हत्यारं दाखवत होते. ह्यांचंही असंच. वाटेत चार ओळखीचे भेटल्याशिवाय आणि प्रत्येकाला काहीतरी उघडून दाखवल्याशिवाय घर गाठायचे नाहीत. डबा गार व्हायचा.

२९ मार्च, शनिवार

सुट्टी होती. लेकीला स्टुडिओतल्या मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं.

नदीपलीकडच्या स्थानकावर आठपासून थांबले होते. साडेनवाला हे आले. पडद्यावर दिसतात त्यापेक्षा उंची कमी वाटली. मागोमाग गेले. दोन गल्ल्या ओलांडून एका जुन्या सहा मजली इमारतीत शिरले. थोडा वेळ थांबून मीही आत गेले. लिफ्टचं दार उघडं होतं आणि हे आत गुडघ्यांवर बसून तारा तपासत होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे. ह्यांनाही यंत्रांचीच आवड.

मान न वळवता म्हणाले, "बाई, जिन्यानं जा. लिफ्टला अजून तासभर लागेल."

आठ वर्षांनी कानावर पडलेलं पहिलं वाक्य. आवाज पातळ होता. आवाज बसतो, माणसं आजारातून उठली की बदलतो.

मी खरंच जिन्यानं वर गेले. सहाव्या मजल्यावर माझं कुणी राहत नाही. तिथे भिंतीला टेकून उभी राहिले आणि खालचा हातोडीचा आवाज ऐकत राहिले. कुणाच्या तरी घरात कुकर झाला, मूल रडलं, थांबलं. किती दिवसांनी मला असं घरी असल्यासारखं वाटलं.

५ एप्रिल

शहाण्णव.

९ एप्रिल

आज हे बाकावर बसलेले दिसले. दोन्ही बाजूंना एकेक गणवेशवाला. सव्वा तास बसून होते. मधेमधे घड्याळ बघत होते, हात हलवून काहीतरी सांगत होते. चेहरा उतरलेला. दमल्यासारखे दिसतात हल्ली. कुणी पाणी तरी विचारायला हवं होतं.

त्या चित्राला 'होय' दाबलं. अशी उतरलेली छबी माझ्याकडे नव्हती.

११ एप्रिल

दिसले नाहीत.

१२ एप्रिल

नाहीत.

१४ एप्रिल

नाहीत. पडद्यावर दुसरं काही दिसेना. दोन चुका झाल्या, मॅडम बोलल्या. आजारी असतील का? घरी बघणारं कुणी असेल का?

१६ एप्रिल, बुधवार

नीट लिहायचं आहे.

अकरा वाजता मॅडमनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलासमोर तो माणूस बसला होता. चार हातांवर. मॅडम म्हणाल्या, "ह्यांची तक्रार आहे. फाइलवर प्रत्येक वेळी पहिला 'होय' तुमचा आहे. सतरा वेळा. म्हणून तुम्हाला बसवते."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नमस्कार." ओळखलं नाही. कसं ओळखेल? त्यानं माझी पावलं ऐकली होती, मी त्याचा चेहरा पाहिला होता.

मग तो बोलायला लागला. आवाज पातळच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गेला महिनाभर मला स्थानकावर अडवतात, मॅडम. नाव विचारतात, ओळखपत्र बघतात, कुठेतरी फोन करतात, आणि सोडतात. 'तुमचा चेहरा जुळतोय' म्हणतात. कुणाशी, ते सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्थानकावर परत पहिल्यापासून. पहिल्यांदा हसलो. चौथ्यांदा टोपी घातली, तर टोपी का घातली म्हणून विचारलं. मग बसनं जायला लागलो, तर बसच्या थांब्यावरही कॅमेरे."

मॅडम लिहून घेत होत्या.

"नऊ तारखेला एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकली. आत एक आजीबाई, दम्याच्या. मला निरोप आला, मी निघालो, आणि स्थानकावर धरला. सव्वा तास. हातापाया पडलो. म्हटलं, दोघं माझ्याबरोबर चला, पण मला जाऊ द्या. 'वरून खात्री झाल्याशिवाय सोडता येत नाही.' आजीबाई आत बेशुद्ध पडल्या. वाचल्या, पण अजून दवाखान्यात आहेत. कंपनीनं मला काढलं. एकोणीस वर्षांची नोकरी."

सव्वा तास. मी ते बघत होते. पाणी विचारायला हवं, असं मी ह्याच वहीत लिहून ठेवलंय.

मॅडमनी फाइल चाळली. "नोंद 'बेपत्ता'ची आहे. म्हणजे गुन्हा वगैरे नाही. घरचं कुणीतरी शोधत असेल तुम्हाला."

"माझ्या घरचे बाहेर बाकावर बसलेत," तो म्हणाला. "बायको आणि मुलगी. मी सकाळी निघताना त्या दाराशी असतात, संध्याकाळी परत दाराशी. मला शोधायची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नाही. मी कुणासारखा दिसतो, एवढं तरी सांगा."

"ते गोपनीय असतं."

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही सतरा वेळा बघितलंत मला. तुम्ही सांगा. तुम्हाला खरंच तोच वाटलो?"

त्याच्या कानाची पाळी सुटी आहे. चार हातांवरून, तिरकस नाही, वरून नाही, समोरून दिसत होती. मला ते तीन मार्चपासून माहीत आहे. चार मार्चला लिहिलंय. मागची पानं उलटून बघितली. शाई माझीच आहे.

मी म्हटलं, "मला... मी बघून सांगते." आणि उठून आले.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत त्याची कागदपत्रं. शाळेचा दाखला, लग्नाचा फोटो, सगळं. तो तोच आहे, हे सिद्ध करायला आणलेलं.

१७ एप्रिल

कामावर गेले नाही. दिरांना फोन केला. लगेच आले.

"भाऊजी, एकच विचारते. तिथे तुम्ही चेहरा बघितला होतात ना?"

ते उठून खिडकीशी गेले.

"आज काय हे मधेच, वहिनी?"

"बघितला होतात ना?"

"त्यांनी कापड उचललं. खालच्या बाजूनं आधी. पट्टा दिसला. दादाचाच पट्टा, म्हणजे तसाच, तपकिरी. तिथल्या माणसानं विचारलं, हाच का? मी म्हटलं, हो."

"आणि चेहरा?"

"त्यांनी कापड वर घेतलं तेव्हा..." दोन्ही हात तोंडावर धरले त्यांनी. "मी डोळे मिटले होते, वहिनी. मला नाही बघवलं. अकरा दिवस तुम्ही, आई, सगळे उंबऱ्याशी बसून होतात. मला तुम्हाला काहीतरी घरी आणून द्यायचं होतं."

पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडला. मी त्यांना चहा करून दिला. रागावता आलं नाही. मी कुठल्या तोंडानं रागावणार?

म्हणजे कुणीच बघितलेलं नाही.

१९ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. नोंद माझी, नवरा माझा, मृत्यूचा दाखला आठ वर्षांपूर्वी सही करून मीच घेतलेला. त्या बोलल्या कमी. पाणी दिलं. मग इंजिनिअरला बोलावून घेतलं.

मी विचारलं, "आकडा तर वाढत गेला. ब्याण्णवचा अठ्ठ्याण्णव झाला. सारखेपणा वाढल्याशिवाय कसा वाढेल?"

तो नख तोडायचं थांबला. "तुम्ही 'होय' म्हटलेलं प्रत्येक चित्र त्या नोंदीतच जमा होतं, बाई. यंत्र पुढच्या वेळी त्याच्याशीही ताडून बघतं. आता तिथे एक फोटो तुमच्या मिस्टरांचा आहे आणि सतरा ह्या माणसाचे. तो स्वतःशीच जुळतोय."

मी पडद्यावरची अठरा चित्रं एकेक करून मोजली.

"तुमचे हे आता त्यात फारसे उरलेलेच नाहीत," तो म्हणाला. बिचारा समजावून सांगत होता.

"आणि पहिले ब्याण्णव?"

"ब्याण्णव म्हणजे शंभरातली ब्याण्णव खात्री नव्हे. इतक्या लाखांत शोधलं तर प्रत्येकासारखं कुणीतरी निघतंच. तुमच्यासारखं, माझ्यासारखं. पूर्वी भेट होत नव्हती, एवढंच."

पुसायचं कसं, ते मॅडमनी सांगितलं. बेपत्ता माणसाची नोंद बंद करायला दोनच कारणं चालतात: 'सापडले' किंवा 'मृत'. नातेवाइकानं सही करायची. फॉर्मवर छापलं होतं, 'मी खात्रीपूर्वक नमूद करते की सदर व्यक्ती हयात नाही.'

खात्रीपूर्वक.

पेन हातात धरून किती वेळ बसले माहीत नाही. मॅडमनी घाई केली नाही. 'सापडले' लिहिलं असतं, तर ती सतरा चित्रं ह्यांच्या नावावर कायमची राहिली असती. तो माणूस जन्मभर माझा नवरा झाला असता.

सही केली. आठ वर्षांपूर्वी मी सही केली तेव्हा दिरांनी बोट ठेवून दाखवलं होतं, इथे करा म्हणून. ह्या वेळी जागा मीच शोधली.

मग नोकरी गेली. वेगळा कागद, वेगळी सही. मास्तरांची चौकशी लावलीय. निघताना ते म्हणाले, "बाई, एकदा तरी मान वर करायला हवी होती मी." त्यांनी नजरेला नजर दिली नाही.

२० एप्रिल

लेकीला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"आई, खरं सांगू? मला बाबांचा चेहरा आठवतच नाही. फोटोतलाच आठवतो. ओठ आवळलेला. तू फोटो काढलास भिंतीवरून, तेव्हा मला दोन दिवसांनी काहीच दिसेना."

मी म्हटलं, "तो फोटो त्यांच्यासारखा नाहीये ग. हसू नका म्हटलं होतं मी."

"मग कसे होते?"

सांगायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे सरकता जिना आला. पिकलेले केस, बसलेले गाल, हातात पिशवी. खूप ढकलून बघितलं. तोच येत राहिला.

तिला म्हटलं, "उद्या सांगते."

२४ एप्रिल, गुरुवार

मॅडमनी त्या माणसाला पत्र दिलंय, पण त्यानं निरोप पाठवला होता की बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेलाही कागद हवा. कंपनीला दाखवायला. नदीपलीकडच्या स्थानकाबाहेर भेटायचं ठरलं. बायको बरोबर होती.

मी माफी मागायला लागले. त्यानं हात वर केला. "माफी-बिफी राहू द्या. कागद द्या."

दिला. त्यानं दोनदा वाचला. बायकोला दिला, तिनंही वाचला. त्यात लिहिलं होतं की हा माणूस माझा नवरा नाही, तो कधीही नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खाली सही.

"फोटो आहे का?" त्यानं विचारलं. "त्यांचा."

मी पर्समधून काढला. तो उजेडाकडे धरून बघत राहिला. मला वाटलं, म्हणेल, खरंच की. पण तो म्हणाला, "माझ्यासारखा नाही दिसत. मला तर काहीच सारखं दिसत नाही."

बायकोनं फोटो घेतला. त्याच्याकडे बघितलं, मग फोटोकडे. "भाऊ शोभेल आमच्या ह्यांचा," ती हळूच म्हणाली. "पण हे नव्हेत. हे असं तोंड करून बसूच शकत नाहीत." आणि फोटो माझ्या हातात परत देताना तिनं क्षणभर माझी बोटं धरली. का, कुणास ठाऊक. मी तिच्या जागी असते तर धरली नसती.

तो म्हणाला, "आजीबाई परवा घरी आल्या. मी भेटून आलो. त्यांनी मलाच चहा विचारला." मग थांबून, "कंपनी बघू म्हणतेय. मॅडम सांगतात, नोंद पुसली. पण आसपासच्या शहरांतही गेली होती ना ती? तिथून पुसायला किती दिवस लागतील, हे कुणालाच सांगता येत नाही म्हणे. आज इथे तरी बघायचंय मला. तुम्ही थांबा. कुणी अडवलं, तर तुम्ही सांगायचं."

"सांगते," मी म्हटलं.

आम्ही तिघं आत गेलो. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, बरोबर कॅमेऱ्याखाली, तो जाऊन उभा राहिला. टोपी काढली, मान वर केली, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. बायको त्याच्या डाव्या हाताला. मी चार पावलं मागे. लोक वाट काढून जात होते. एकानं, मधेच काय उभे राहता, म्हणून शिवी हासडली.

पाच मिनिटं झाली. कोपऱ्यावर दोन गणवेशवाले होते. त्यांतल्या एकानं हातातल्या यंत्राकडे पाहिलं. बायकोनं नवऱ्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली. गणवेशवाल्यानं यंत्र परत कमरेला अडकवलं आणि जांभई दिली.

दहा मिनिटं. कुणी आलं नाही.

तो वळला. त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. तोंडभर, पुढचे दात जरा वाकडे. बायको रडत होती. मला "येतो" म्हणाला, आणि दोघं जिन्यानं वर गेली.

मी मान हलवली. मलाही आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण वहीत खोटं लिहिणार नाही. ती दहा मिनिटं मी त्या गणवेशवाल्याकडे डोळे लावून उभी होते, आणि मनात एकच चाललं होतं: यंत्र वाजू दे. एकदाच. ये, आणि ह्यांना अडव.